एकाच दुःखाला दोन मापे



 संतवाङ्मयाच्या या परिषदेत वर्षभराच्या ग्रंथनिर्मितीचा आढावा अध्यक्षाने घ्यावा असा प्रघात आहे खरा. परंतु तो कार्यवाहांच्या अहवालात आलाच आहे, आणि मला तर कित्येक वर्षे उराशी बाळगलेली एक तक्रार आज बोलून टाकायची आहे.

१६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची प्रथम पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, महाजनकीच्या घराचे दिवाळे वाजले. आणि आमचे भाष्यकार एका ओळीत सांगून मोकळे होतात की, त्यायोगे त्यांना वैराग्य प्राप्त झाले. जणू ती माउली पतीच्या वैराग्याची सोय लावण्यासाठीच मेली! उलट, १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण यांना एकामागून एक मुकलेल्या, होते नव्हते ते देवब्राह्मणांस वाहून आणि उपासतापास करूनही रित्या हातांनी परतलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्याच भाष्यकारांना तेथे केवळ पाद्र्यांची फूस दिसते. त्याच रमाबाईंनी पुढे तेथील वाँटेजच्या ख्रिस्ती जोगिणींशीही धर्मतत्त्वांवरून निकराचा वाद घातला, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून अनाथ मुली आणून केडगावी त्यांना आसरा दिला, याची नोंद घेण्याची तसदी कोण घेतो? आणि देव आपल्या लेखी उरलाच नाही, असे बजावणारी वाणी तुकोबांच्या गाथेतही आहे, हे तरी कोण सांगतो?

आपत्तीने श्रद्धा दृढ होते की ढासळते, यावर कालच्या परिसंवादात विद्वानांनी दोन प्रहर खर्ची घातले. मी महसूल खात्यात कारकून असताना दुष्काळी कामावर हजेरीपट ठेवीत असे. खडी फोडणाऱ्या एका वृद्ध वारकऱ्याने, नातवाला पुरून आल्यावर, गळ्यातील माळ काढून माझ्या मेजावर ठेवली आणि एक शब्द न बोलता तो पुन्हा कामावर गेला. त्याच टोळीतील एक विधवा, जिने पूर्वी कधी व्रतवैकल्य केले नव्हते, एकादशी धरू लागली, कारण पुसता म्हणाली, "उपास तर रोजचाच हाय, सायेब, त्याला नाव तरी दिलं." पुढल्या आषाढीस तो म्हातारा माळेवाचूनच दिंडीत चालताना दिसला. मी हटकले, तर म्हणाला, "गाव चाललंय, म्या मागं ऱ्हाऊन काय करू?" आता सांगा, यांतील कोणाची श्रद्धा वाढली आणि कोणाची घटली? माझ्यापुरता वादाचा निकाल तेथेच लागला : पराकाष्ठेचे दुःख देवाशी चाललेला नवसाचा व्यवहार मोडून टाकते, त्यानंतर मनुष्य कोणत्या वाटेने जाईल हे ते ठरवीत नाही, आणि ठरविण्याचा अधिकार भरल्या पोटी टीका लिहिणाऱ्यांना तर मुळीच नाही.

दुष्काळी कमिशनांचे अहवाल, मिशनांची दप्तरे आणि फडांवरील वृद्धांच्या आठवणी एकत्र करून दुष्काळ आणि श्रद्धा या विषयाचा एखादा साधनग्रंथ सिद्ध व्हावा. तपशील यथावकाश ठरेल, आणि तरुण मंडळी पुढे येतीलच. तूर्त क्रमिक पुस्तकांतून 'दुष्काळामुळे वैराग्य आले' हे वाक्य काढून टाकावे, असा ठराव मी मांडतो. आणि विषयनियामक समितीने तो मागल्या खेपेप्रमाणे पुढील अधिवेशनावर ढकलू नये, एवढे बजावून आपली रजा घेतो.