एकाचा गुन्हा, सगळ्यांच्या माथी



२९ जुलै २०२४ रोजी इंग्लंडमधल्या साउथपोर्ट गावात नृत्याच्या वर्गाला आलेल्या तीन लहान मुलींची चाकूने हत्या झाली. मारेकरी मुसलमान आहे, आश्रय मागायला होडीतून आला आहे, अशी अफवा काही तासांत पसरली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमाव तिथल्या मशिदीवर चालून गेला. पुढच्या काही दिवसांत रॉदरहॅमसारख्या गावांत निर्वासितांना ठेवलेल्या हॉटेलांवर हल्ले झाले. मारेकरी ब्रिटनमध्येच, कार्डिफ शहरात जन्मलेला मुलगा होता. अफवा खोटी होती म्हणून जगभर हळहळ व्यक्त झाली. मला मात्र त्या हळहळीतच चूक दिसते. समजा, अफवा खरी असती. मारेकरी मुसलमान आणि निर्वासित असता. मग त्या मशिदीत नमाज पढणारे लोक दगडांना पात्र ठरले असते का? एकाने केलेल्या कृत्याची वसुली त्याच्या नावाशी, धर्माशी, जातीशी जुळणाऱ्या कोणाकडूनही करता येते, हा समज वंशद्वेषाच्या मुळाशी आहे. खोटी बातमी त्याला फक्त निमित्त पुरवते. हा समज इंग्रजांच्या गावांपुरता नाही. नांदेड आणि लातूरच्या इतिहासात त्याची फार मोठी किंमत मोजली गेली आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानावर भारतीय लष्कराची ‘पोलीस ॲक्शन’ झाली, निजामाचे राज्य संपले आणि मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतरच्या आठवड्यांत काय घडले ते पाहण्यासाठी केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्यासह एक मंडळ पाठवले. संस्थानभर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा त्या मंडळाचा अंदाज आहे; मरणारे बहुसंख्येने मुसलमान होते. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. लातूरबद्दल अहवाल सांगतो की तिथे वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालू राहिल्या. शहरातल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार मंडळाला तिथे आढळले. हजाराहून जास्त मारले गेले होते, बाकीचे जीव घेऊन पळाले होते. लातूर हे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकार संघटनेचा नेता कासीम रझवी याचे गाव, तिथे त्याची वकिली चाले. पण गावात कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांच्या पेढ्याही होत्या, आणि रझवीचा हिशेब त्यांच्याकडूनही चुकता करून घेण्यात आला. ही कत्तल करणारे सगळेच बाहेरून आलेले नव्हते. काही ठिकाणी लष्कर आणि पोलिसांतले लोकही लुटीत सामील होते, असे अहवालच नोंदवतो.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो टाळू नये: रझाकारांनी आधी काय केले ते का सांगत नाही? सांगितलेच पाहिजे. १९४६ मध्ये बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातल्या गोरट्यात माणसे कापली गेली. ती वेदना खरी आहे आणि तिचे स्मरण रास्त आहे. पण त्याच वर्षी २२ ऑगस्टला हैदराबादेत शोएबुल्ला खान यांना रझाकारांनी ठार मारले. ‘इमरोज’ दैनिकाचे हे संपादक संस्थान भारतात विलीन करण्याच्या बाजूने लिहीत होते. म्हणजे रझाकार विरुद्ध मुक्तिसंग्राम ही रेघ हिंदू आणि मुसलमान यांच्या मधून जात नव्हती. सप्टेंबरनंतरच्या जमावाने ती तिथे ओढली. आणि सगळ्यांनीच ओढली असेही नाही: हिंदू विणकरांनी स्वतःचे नुकसान सोसून मुसलमान विणकरांना वाचवल्याची नोंद त्याच अहवालात आहे. सूड अटळ होता, असे म्हणणाऱ्याला या विणकरांचे काय करायचे ते सांगता येत नाही.

तीस वर्षांनी तोच न्याय पुन्हा लावला गेला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. ठराव मुंबईत झाला, करणारे आमदार होते; पण घरे जळाली ती मराठवाड्याच्या खेड्यांतल्या दलित वस्त्यांची, आणि नांदेड जिल्हा त्यात सर्वात जास्त पोळलेल्यांपैकी होता. त्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. ते दलितांतल्या मातंग समाजाचे. विद्यापीठाच्या नावाचा राग कोणावर काढायचा, हे जमावाने जातीवरून ठरवले. ठराव कोणी केला आणि नामांतर कोणी मागितले, याच्याशी त्याला देणेघेणे नव्हते. विद्यापीठाच्या नावात आंबेडकरांचे नाव जोडायला, म्हणजे नामविस्तार व्हायला, १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

आता कत्तली होत नाहीत, मग जुने कशाला उकरता, असे विचारले जाते. मी ते उकरतो, कारण तो न्याय अजून रोज चालतो, फक्त शांतपणे. ‘लातूर पॅटर्न’ या अभ्यासपद्धतीमुळे राज्यभरातून मुले लातुरात शिकायला येतात, नांदेडच्या क्लासेसची स्थिती वेगळी नाही. खोली दाखवण्याआधी आडनाव विचारले जाते, हे या सभागृहात कोणालाही नवे नाही. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांची पाहणी केली, तेव्हा त्याच चौकशीला नावागणिक वेगळे उत्तर मिळाले: दलितांना नकार, मुसलमानांना त्याहून जास्त नकार. घर माझे, भाडेकरू मी निवडणार, असे मालक म्हणतो. भाडे थकवणारा, खोली नासवणारा निवडू नये, हे मान्य. पण सतरा वर्षांच्या मुलाने अजून काहीच केलेले नाही. त्याला नाकारताना मालक त्याच्यासारखे नाव असलेल्या दुसऱ्या कोणाची तरी वसुली त्याच्याकडून करतो.

कायद्याच्या बाबतीत मात्र ब्रिटन आपल्या पुढे आहे, हे कबूल करावे लागते. १९६८च्या कायद्याने तिथे घर नाकारताना वंश पाहणे बेकायदा ठरले. १९९९ मध्ये मॅकफर्सन अहवालाने लंडनच्या पोलिसांना संस्थात्मक वंशद्वेषाचा दोषी ठरवले, आणि तो अहवाल सरकारनेच छापला. साउथपोर्टने दाखवले की तेवढ्याने द्वेष संपत नाही. आणि जातीवरून होणाऱ्या भेदभावाचा कायद्यात स्पष्ट उल्लेख करायचा नाही, असे ब्रिटिश सरकारने २०१८ मध्ये ठरवले. पण तिथल्या नागरिकाला बोट ठेवायला निदान एक कागद आहे. आपला सुंदरलाल अहवाल कित्येक दशके दाबून ठेवला गेला. आपल्या घटनेचा पंधरावा अनुच्छेद दुकाने, हॉटेले, विहिरी यांत भेदभाव करायला मनाई करतो. खासगी भाड्याच्या खोलीचा उल्लेख त्यात नाही.

येत्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत झेंडावंदन होईल आणि हुतात्म्यांची नावे घेतली जातील. त्यात शोएबुल्ला खान यांचे नाव घ्या, विणकरांचे सांगा, आणि लातुरात त्यानंतरचे वीस दिवस काय झाले तेही शाळेच्या मुलांना सांगा. आणि ज्यांच्या घरी भाड्याच्या खोल्या आहेत त्यांना माझी विनंती आहे: जूनमध्ये दारात येणाऱ्या मुलाला अनामत विचारा, गुण विचारा, आडनाव विचारू नका.