एबीए शिकायचंय? आधी हे ऐका

अकोल्यातलं एखादं लेकरू बोलत नाही. तहान लागली की आईचा हात माठाकडे ओढतं. उपयोजित वर्तन विश्लेषण, म्हणजे एबीए शिकलेली ताई त्याला पेल्याच्या चित्रावर बोट ठेवायला शिकवते. बोट ठेवलं, की लगेच पाणी! हळूहळू ओढाताण थांबते, मागणं सुरू होतं.

अमरावती-अकोल्याच्या तरुणांनो, हे शिक्षण ऑनलाइन घ्यायचं असेल, तर पैसे भरण्याआधी थांबा. एबीए तज्ज्ञांना अमेरिकी मंडळ देतं ते ‘बीसीबीए’ प्रमाणपत्र २०२३ पासून भारतात राहणाऱ्यांना नव्याने मिळत नाही. एबीएचा पाया म्हणून घ्यावी अशा मानसशास्त्राच्या ऑनलाइन पदव्यांचे नवे प्रवेशही यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून थांबवले. माझ्या मते, आधी विशेष शिक्षणाची पदविका किंवा पदवी घ्या, मग एबीए. ती पदविका किंवा पदवी देणाऱ्या संस्थेचं नाव भारतीय पुनर्वसन परिषदेच्या यादीत आहे ना, तेवढं स्वतः तपासा.