कार्ब्युरेटर गेल्यावर पेट्रोलच्या नळीचं काय?



जुनी पद्मिनी, अँबॅसडर किंवा कार्ब्युरेटरची मारुती ८०० हौसेने सांभाळणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांतल्या अनेकांच्या मनात कधी ना कधी येतं की हा कार्ब्युरेटर एकदाचा काढून टाकावा आणि इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवावं. सकाळी चोक ओढत बसायला नको, घाटात गाडी गुदमरायला नको, धूरही कमी. विचार चुकीचा नाही. पण तो पक्का झाला की सगळी चर्चा इंजेक्टर चालवणारा संगणक, म्हणजे ईसीएम, कुठला घ्यायचा, इंजेक्टर कुठल्या गाडीचे आणि सेन्सर कुठे बसवायचे याभोवती फिरू लागते. टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल आणणाऱ्या नळीचा विषय अगदी शेवटी निघतो आणि ‘आहे तीच चालेल, पुढे हातभर रबरी होज जोडू’ एवढ्यावर मिटतो. माझं म्हणणं असं, की या कामाची सुरुवातच नळीपासून व्हायला हवी. कार्ब्युरेटरच्या गाडीत नळी पेट्रोल फक्त पोचवते. इंजेक्शनच्या गाडीत तिच्यातल्या दाबावर पेट्रोलचं मोजमाप अवलंबून असतं. ज्याने ही गोष्ट ध्यानात घेतली नाही, त्याने कितीही महागडा ईसीएम आणला तरी गाडी लहरीच राहते, आणि ती पेट घेण्याचा धोका वाढतो तो वेगळाच.

कार्ब्युरेटरमध्ये मोजमाप कुठे होतं ते आधी पाहू. इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा यांत्रिक पंप पेट्रोल ओढतो आणि साधारण ०.२ ते ०.३ बार इतक्या माफक दाबाने फ्लोट चेंबरमध्ये सोडतो. चेंबर भरला की फ्लोट वर येतो, सुई छिद्र बंद करते, आणि तिथे दाबाचा प्रश्न संपतो. पुढे जेटमधून किती पेट्रोल जायचं ते इंजिनात ओढल्या जाणाऱ्या हवेवर ठरतं. म्हणजे मागच्या नळीत दाब थोडा चढला, थोडा उतरला, अधूनमधून एखादा बुडबुडा आला, तरी फ्लोट चेंबर ते सारं पोटात घालतो. इंजेक्शनमध्ये हा चेंबरच नाही. ईसीएम इंजेक्टरची झडप काही मिलिसेकंद उघडतो आणि बंद करतो. त्याच्या हातात फक्त वेळ असते. महापालिकेच्या नळाखाली बादली धरून ‘दोन मिनिटं नळ सोडला, म्हणजे अर्धी बादली भरली’ असा हिशेब करण्यासारखंच हे आहे. पाण्याचा दाब रोज सारखा असेल तरच तो हिशेब खरा. इंजेक्टरमधून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ईसीएम ३ बार गृहीत धरून चालला आहे आणि नळीत प्रत्यक्षात २.४ बारच आहे, तर प्रत्येक उघडझापीत सुमारे साडेदहा टक्के पेट्रोल कमी पडेल. चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलेला असताना मिश्रण एवढं पातळ झालं, तर इंजिन ठोके देतं आणि व्हॉल्व्ह तापतात. अशा वेळी मेकॅनिक सेन्सर बदलत राहतो, कारण दाबाचं गेज लावून बघावं असं कोणाच्या मनातच येत नाही.

यात आणखी एक बारकावा आहे. इंजेक्टरच्या एका बाजूला नळीतला दाब असतो, दुसऱ्या बाजूला इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला. प्रवाह ठरतो तो या दोहोंतल्या फरकावर. आयडलिंगला मॅनिफोल्डमधला दाब वातावरणापेक्षा सुमारे ०.६५ बारने खाली असतो. नळीत ठाम ३ बार ठेवले, तरी खरा फरक ३.६५ होतो आणि सुमारे दहा टक्के पेट्रोल जास्त जातं. यावर दोन उपाय निघाले, दोन्ही बॉश कंपनीचेच. १९६७ साली फोक्सवॅगन १६०० मध्ये आलेल्या डी-जेट्रॉनिकमध्ये नळीतला दाब सुमारे २ बारवर स्थिर ठेवला होता. मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर त्या पद्धतीच्या केंद्रस्थानीच होता, त्यामुळे हा फरक हिशेबातच सामावून घेता आला. सत्तरच्या दशकात आलेल्या एल-जेट्रॉनिकमध्ये नळीतला दाब राखणाऱ्या रेग्युलेटरच्या पडद्याला मॅनिफोल्डमधून एक बारीक होज जोडली आणि फरकच कायम ठेवला. दोन्ही मार्ग आजही चालतात. मात्र ईसीएम एका मार्गाचा आणि रेग्युलेटर दुसऱ्या मार्गाचा, अशी मोट बांधली की आयडलिंग कधीच नीट बसत नाही. निवडलेला ईसीएम कुठला दाब आणि कुठला रेग्युलेटर धरून चालतो, हे नळी टाकण्याआधी ठरलेलं असावं ते यासाठी.

आता नेहमीचा आक्षेप घेऊ. ‘मूळची लोखंडी नळी चाळीस वर्षं गळली नाही, ती आताच का गळेल?’ आक्षेप अनुभवाचा आहे, म्हणून वजनदार वाटतो. पण जुन्या रचनेत पंप इंजिनाजवळ असतो आणि पेट्रोल टाकीकडून ओढून आणतो. गाडीच्या पोटाखालून गेलेली ती लांबलचक नळी चाळीस वर्षं दाबाखाली नव्हतीच, ती ओढीखाली होती. तिला सुईएवढं भोक पडलं असतं, तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत गेली असती, आणि मालकाला कळलं असतं ते एवढंच की गाडी जरा अडखळते. गळती दिसली नाही, यावरून नळी शाबूत आहे असं मुळीच सिद्ध होत नाही. इंजेक्शनचे विजेचे पंप ढकलायला तयार, ओढायला कच्चे. म्हणून ते टाकीत किंवा टाकीलगत खाली बसवावे लागतात. तसं केलं की तीच गंजलेली नळी एका दिवसात ओढीखालून ३ बार दाबाखाली येते. आपण टायरमध्ये भरतो ती तीसची हवा म्हणजे साधारण २ बार, यावरून अंदाज करा. या दाबाला सुईच्या भोकातून पेट्रोलची चिळकांडी ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने उडते, आणि शेजारून सायलेन्सरचा तापलेला पाइप गेलेला असतो.

मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी सीएनजी स्वीकारला तेव्हा मूळच्या पेट्रोलच्या नळीतून गॅस न्यावा, असं कोणी सुचवलं नाही. २०० बारचा गॅस म्हटल्यावर त्याची वेगळी नळी, वेगळे जोड, दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी, हे सगळं निमूटपणे मान्य झालं. आकडा मोठा असला की माणूस सावध होतो. ३ बारचा आकडा लहान दिसतो, पण पूर्वीच्या मानाने तो दहापट आहे आणि आत असलेला पदार्थ द्रव आहे, जो गळल्यावर वर उडून न जाता गाडीखाली साचतो.

गाड्या बनवणाऱ्यांनी स्वतः काय केलं, तो पुरावा मला सगळ्यांत बोलका वाटतो. फोक्सवॅगन १६०० एकाच काळात दोन रूपांत मिळत होती. दोन्हींत इंजिन मागे, टाकी पुढे. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत यांत्रिक पंप मागे इंजिनावर होता. इंजेक्शनवाल्या गाडीत विजेचा पंप पुढे टाकीजवळ नेला आणि इंजिनाकडून टाकीकडे परतीची नळी टाकली. आपल्याकडे मारुती ८०० ला २००० साली इंजेक्शन आलं तेव्हाही गाडीचा ढाचा तोच राहिला, पण इंजिनावरचा यांत्रिक पंप गेला आणि टाकीत विजेचा पंप आला. खर्चाचा पैसापैसा मोजणाऱ्या कारखान्यांनी जी वाट सोडली, ती गॅरेजमध्ये स्वस्तात निभावेल असं मानायला आधार नाही. मारुतीच्या मालकांची मात्र इथे सोय आहे: त्याच गाडीच्या नंतरच्या रूपाची टाकी, पंप आणि नळ्या मिळू शकतात. पद्मिनीवाल्याला सगळं जुळवावं लागतं.

मग नळी केवढी हवी? इथे हौशी मंडळी दुसऱ्या टोकाला जातात आणि शर्यतीच्या गाडीला शोभेल अशी जाड वेणीदार होज घालतात. हिशेब करून पाहा. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन सुमारे ४० अश्वशक्तीचं. पूर्ण जोरात चालतानाही ते तासाला १२-१३ लिटरच्या आसपास पेट्रोल पितं, आयडलिंगला एक लिटरही नाही. ६ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीतून १२ लिटर जाताना वेग सेकंदाला १२ सेंटिमीटरदेखील भरत नाही. दाबाची घट नगण्य. नळी मजबूत हवी, जाड असण्याची गरज नाही. पण रेग्युलेटर इंजिनाजवळ ठेवून परतीची नळी केली की गणित बदलतं. इंजेक्शनचा साधा पंप तासाला ८०-१०० लिटर देतो. इंजिन घेतं ते वगळता बाकी सारं परत जातं. ३५-४० लिटरची टाकी अर्ध्या तासात एकदा इंजिनाच्या उष्णतेतून फिरून येते, आणि मे महिन्यात टाकीत पाव भागच पेट्रोल असेल तर ते चांगलंच तापतं. काही जपानी घडणीच्या कार्ब्युरेटर गाड्यांत वाफ परत नेणारी बारीक नळी आधीच असते, तीच परतीला वापरावी असा मोह होतो. ती थेंबांसाठी आणि वाफेसाठी केलेली. तिच्यातून तासाला ८० लिटर काढायला गेलं तर वाट तुंबते आणि रेग्युलेटरला दाब उतरवता येत नाही. म्हणून लहान इंजिनाच्या गाडीसाठी मी पक्ष घेतो तो असा: पंप टाकीत, फिल्टर आणि रेग्युलेटर टाकीलगत, तिथल्या तिथे आखूड परत, आणि पुढे इंजिनापर्यंत एकच नवी पोलादी नळी. मॅनिफोल्डच्या दाबाची भरपाई ईसीएमने हिशेबात करावी, जशी १९६७ सालीच केली होती.

यावर कोणी म्हणेल की टाकीला हात लावणं जिकिरीचं. मूळ टाकीत आडपडदे नाहीत, पेट्रोल कमी असताना वळणावर ते एका बाजूला जाईल आणि पंप हवा ओढेल. हे खरं आहे. फ्लोट चेंबर गेल्याची ही किंमत; क्षणभर हवा आली तरी इंजेक्शनचं इंजिन तत्काळ अडखळतं. त्यावर एक-दोन लिटरची मधली टाकी हा मार्ग आहे: जुन्या नळीतून कमी दाबाने ती भरायची आणि जास्त दाबाचा फेरा तिच्यापुढे आखूड ठेवायचा. जुनी नळी वाचते, खर्च कमी होतो. पण ही मधली टाकी बहुतेक जण बॉनेटखाली, म्हणजे इंजिनाच्या उष्णतेत आणि समोरून टक्कर झाली तर पहिला मार बसेल अशा जागी बसवतात. ती मागे बसवायला जागा असेल तर माझी हरकत नाही. पुढे बसवायची असेल, तर टाकी कापून आत आडपडदे जोडून घेणंच बरं. मात्र हे वेल्डिंग टाकी वाफांपासून पूर्ण मोकळी करणाऱ्यानेच करावं.

होजबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण गाड्या पेटतात त्या बहुधा जोडांपाशी. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे ३० या मानकात आर ७ ही कार्ब्युरेटरची होज, आर ९ ही इंजेक्शनची. होजवर तसं छापलेलं असतं. दोन्ही बाहेरून काळी आणि सारखीच दिसतात. आर ९ च्या आतल्या थरात पेट्रोलला दाद न देणारं फ्लोरोइलास्टोमर असतं. पण तीही टाकीत बुडवण्यासाठी नाही, कारण तिचं बाहेरचं आवरण पेट्रोलमध्ये फुगून सुटतं. बुडणाऱ्या तुकड्यासाठी आर १० वेगळी मिळते, महाग असते, आणि वीतभरच लागते. होज चढते त्या पोलादी नळीच्या टोकाला उभार काढलेला हवा. सपाट टोकावरून ती दाबाने निसटते. दात्यांची पेचाची क्लिप होजमध्ये रुतते, म्हणून कडा दुमडलेली इंजेक्शनची क्लिप घ्यावी. तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून आवडते, पण ती कंपनाने कडक होऊन तडकते आणि पेट्रोलमध्ये डिंक साचायला मदत करते.

इथेनॉलने हा प्रश्न निकडीचा केला आहे. पेट्रोलपंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते सोसत नाही, ते पाणी धरतं आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवून पुढे पाठवतं. इंजेक्टरच्या आधी बारीक फिल्टर त्यामुळे अनिवार्य ठरतो. गंमत अशी, की इंजेक्शन बसवण्याचं सर्वांत भक्कम कारणही इथेनॉलच आहे: नुसत्या पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, या मिश्रणाला सुमारे साडेतेरा. कार्ब्युरेटरचा जेट हे ओळखत नाही. ऑक्सिजन सेन्सर असलेला ईसीएम ओळखतो आणि झडप जास्त वेळ उघडी ठेवतो.

पंपाच्या विजेबद्दल एवढंच, की यांत्रिक पंप इंजिन थांबलं की आपोआप थांबायचा, विजेचा थांबत नाही. त्याचा रिले ईसीएमच्या ताब्यात हवा, इंजिन फिरत नसेल तर दोन-तीन सेकंदांत तुटणारा, आणि धक्क्याने उघडणारा स्विच त्यासोबत असावा. पंप थेट इग्निशनच्या वायरवर जोडलेली गाडी उलटली, तर ती पेट्रोल ओतत राहील.

शेवटचा आक्षेप तत्त्वाचा आहे: एवढं सगळं करायचं तर जुनी गाडी जुनी राहिली कुठे? थ्रॉटल बॉडीवर बसणारं, एक बारच्या आसपास चालणारं इंजेक्शन घेतलं तर खर्च आणि उलथापालथ कमी होते हे मान्य. त्यातला इंजेक्टर थ्रॉटलच्या वर असल्याने मॅनिफोल्डच्या दाबाचा गुंताही सुटतो. पण एक बारही जुन्या ओढीच्या नळीला नवखाच. आणि काही गाड्यांना हात न लावणंच योग्य. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून मान्यता देताना चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल नसण्याची अट घातली आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलमही नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत बदलांना आडवं येतं. म्हणून कामाला हात घालण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं. गाडी रोज चालवायची असेल आणि परवानगी असेल, तर पहिली खरेदी नळीची आणि दाबाच्या गेजची करावी, पंप चालू आणि इंजिन बंद ठेवून प्रत्येक जोड कोरड्या कापडाने पुसून तपासावा, आणि गेजचा काटा हलत नाही हे पाहिल्यावरच ईसीएमचा खोका उघडावा.