संघटनेचं सभासदपत्र आणि डोक्यावरचा स्लॅब

बदलापूर लोकलमध्ये दारात उभं राहून ऐकत असाल, तर आधी आत सरका. मग ऐका. आजचा विषय तुमच्या घराचा आहे, आज ना उद्या घ्यायच्या घराचा.

‘बिल्डरांची संघटना’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? हॉटेलचा हॉल, शाल-श्रीफळ, स्टेजवर दहा खुर्च्या आणि कधीतरी मैदानात भरणारं घरांचं प्रदर्शन. त्यांची सभासद नोंदणी चालू आहे असं कुणी सांगितलं, तर आपण म्हणतो, असू दे की, मला काय त्याचं? मीही बरीच वर्षं तेच म्हणायचो. आज सांगतो, तुम्हाला त्याचं काय.

आधी थोडा कायदा. महारेरा १ मे २०१७ पासून सुरू झालं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये महारेराने आणखी एक आदेश काढला, त्याची चर्चा कमी झाली. नवीन प्रकल्पाची नोंदणी करायची असेल, तर बिल्डर एखाद्या मान्यताप्राप्त स्वयंनियामक संस्थेचा सभासद असलाच पाहिजे. मान्यता कुणाला? त्या २०१९ च्या आदेशाप्रमाणे, ज्या संघटनेच्या सभासदांचे किमान ५०० प्रकल्प महारेराकडे नोंदलेले होते, तिला. क्रेडाई-एमसीएचआय, क्रेडाई महाराष्ट्र, नरेडको ही त्यातली ओळखीची नावं. कल्पना अशी, की सभासद चुकला तर आधी त्याच्याच धंद्यातल्या लोकांनी त्याचा कान धरावा.

म्हणजे आता सगळेच सभासद झाले, प्रश्न मिटला? नाही ना. खरी गोष्ट इथेच सुरू होते.

रेरा कायद्यात एक सूट आहे. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा घरं ८ पर्यंत असतील, तर नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी नाही म्हणजे सभासदत्वाचीही सक्ती नाही. आता उल्हासनगर डोळ्यांपुढे आणा. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीत आली. बरॅकी, त्यांच्या खोल्या, त्यामागची जागा, अशी जमीन तुकड्या-तुकड्यांनी हातात आली. आजही कॅम्प एकपासून पाचपर्यंत चालत गेलात तर लहान लहान प्लॉटवर उभ्या राहिलेल्या इमारती दिसतात. सक्तीने सभासद होतो तो मोठ्या प्लॉटवाला, टाउनशिपवाला. ज्या लहान बांधकामावर देखरेखीची सगळ्यात जास्त गरज आहे, ते त्या जाळ्यातून अलगद निसटतं.

आणि निसटलं की काय होतं, ते आपल्या पट्ट्याने बघितलंय. २८ मे २०२१ ची रात्र. उल्हासनगरच्या नेहरू चौक परिसरातल्या साईसिद्धी इमारतीचा वरच्या मजल्याचा स्लॅब खाली आला, आणि खालचे स्लॅब फोडत थेट तळाशी गेला. ७ माणसं गेली. त्याच्या १३ दिवस आधी त्याच शहरात मोहिनी पॅलेस इमारतीत असाच स्लॅब पडून माणसं गेली होती. या इमारती काही शंभर वर्षांच्या नव्हत्या. नव्वदच्या दशकातल्या होत्या. म्हणजे तुमच्यातल्या काहींच्या मोठ्या भावाच्या वयाच्या.

स्लॅब असा का पडतो? बहुतेक वेळा आतून कुजतो म्हणून. रेतीत क्षार असले, काँक्रीट पातळ झालं, सळईवर आवरण कमी राहिलं, की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आतून काँक्रीटला ढकलतो. आधी छताला भेग, मग पोपडे, मग सळया दिसायला लागतात. आपण त्यावर पीओपी मारतो आणि पंखा लावतो. २००६ मध्ये उल्हासनगरची अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी खास कायदा झाला. कागद नियमित करता येतो हो, गंजलेली सळई नाही करता येत.

आता तुमच्यातल्या त्या मंडळींशी बोलतो, जी या धंद्यात आहेत. सिव्हिल डिप्लोमा करून साइटवर उभी आहेत, किंवा वडिलांचा ठेकेदारीचा धंदा पुढे चालवतायत. लहान बिल्डरला ‘संघटनेत ये’ म्हटलं की दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, ‘वर्गणी कोण भरणार?’ आणि दोन, ‘तो मोठ्यांचा क्लब आहे, आम्हाला मागच्या रांगेत बसवतात.’ दोन्ही तक्रारी खोट्या नाहीत. म्हणूनच सभासद वाढवायला निघालेल्या संघटनेने फॉर्म आणि बुके घेऊन जाऊ नये. काहीतरी उपयोगाचं घेऊन जावं. काँक्रीटचे क्यूब भरून ७ आणि २८ दिवसांनी ताकद तपासायची असते. चार लहान साइटनी मिळून ती सोय केली तर प्रत्येकाला परवडेल. रेतीची तपासणी तशीच. करारनाम्याचा सरळ मराठी नमुना, तासाभरासाठी का होईना पण एक चांगला स्ट्रक्चरल इंजिनीअर, स्लॅबवर किमान ७ दिवस पाणी का मारायचं ते मुकादमाला समजावणारा एक वर्ग. हे मिळालं तर माणूस स्वतःहून वर्गणी भरेल. आणि एक अट हवीच: चुकलेल्या सभासदाला काढायची तयारी. ज्या यादीतून कुणाचं नाव कधी कापलंच जात नाही, ती यादी बघून घर घेणाऱ्याला काय कळणार?

जनसंपर्काचंही तसंच. प्रदर्शन भरवा, ना नाही. पण बदलापूरला जाऊन उल्हास नदीची पूररेषा लोकांना नकाशावर दाखवा. निळी रेषा म्हणजे काय, लाल म्हणजे काय. २००५ चा पूर आणि २०१९ मध्ये वांगणीजवळ पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस आपण विसरलेलो नाही. अंबरनाथच्या जुन्या सोसायट्यांमध्ये रविवारी जा. ३० वर्षं उलटलेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कसं करून घ्यायचं, ते सेक्रेटरीकाकांना सांगा. आणि सकाळी मजूर नाक्यावर जा. बांधकाम कामगाराला कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला देणं ठेकेदाराच्या हातात असतं, आणि त्यासाठी कामगार किती खेटे घालतो ते नाक्यावरच्या कुणालाही विचारा. सभासद बिल्डरांनी एवढं एक काम नीट केलं, तरी संघटनेचं नाव जाहिरातीशिवाय घरोघरी पोचेल.

आता घर बघायला निघालेल्यांनो, मोबाइल हातात आहेच. स्टेशनबाहेर पॅम्फ्लेट मिळालं की त्यावर महारेराचा क्यूआर कोड शोधा. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत तो बंधनकारक आहे. स्कॅन करा, प्रकल्पाचं पान वाचा. पण तिथेच थांबू नका. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवल्याचं प्रकरण झालं, ते हायकोर्टापर्यंत गेलं आणि त्या पाडायचा आदेश निघाला. तेव्हा पालिकेत जाऊन बांधकाम परवानगीची खात्री करा. नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका, कायदाच तसं सांगतो. प्रकल्प लहान असेल, रेराबाहेरचा असेल, तर बिल्डरला तोंडावर विचारा: तुम्ही कुठल्या संघटनेचे सभासद आहात? नसाल तर का नाही? आणि तुमच्या कामाबद्दल तक्रार असेल तर मी कुणाकडे जायचं?

सुरुवातीला तो हसेल. पण दहा गिऱ्हाइकांनी एकच प्रश्न विचारला, तर अकरावं गिऱ्हाईक यायच्या आत तो फॉर्म भरून येईल. लहान बिल्डरला सभासद करून घ्यायची ताकद कुठल्याही अध्यक्षापेक्षा तुमच्याकडे जास्त आहे.

आज घरी गेलात की एक करा. छताकडे बघा. भेग दिसली, पोपडा दिसला, तर फोटो काढा आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाका. गुड मॉर्निंगच्या फोटोंपेक्षा तो जास्त उपयोगी पडेल. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.