छापखान्याला काम देताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला दोन शब्द बोलायला सांगितले, त्याबद्दल मी मंडळाची आभारी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. विद्वत्तेचे भाषण माझ्याकडून व्हायचे नाही. परंतु पावतीपुस्तके, हळदीकुंकवाची पत्रके, बचत गटाच्या पाकिटांची लेबले आणि ही स्मरणिका, अशी मंडळाची छपाईची कामे काही वर्षे माझ्याकडे आहेत. त्यासाठी ढाणकीहून उमरखेडला, कधी पुसदला खेपा घातल्या. त्यातून जे उमगले तेच सांगते.

छापखाना म्हणजे शिकल्यासवरलेल्यांचे आणि पुरुषांचे काम, असे आपण धरून चालतो. तसे मुळीच नाही. ज्यांचे निर्णयसागर पंचांग आपल्या घराघरांत आले, त्या जावजी दादाजींना शाळेचे शिक्षण फारसे मिळाले नव्हते. लहानपणी ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला होते. पुढे १८६९ साली मुंबईत त्यांनी स्वतःचा निर्णयसागर छापखाना काढला. तानूबाई बिर्जे यांनी पतीच्या निधनानंतर ‘दीनबंधू’ पत्राचे संपादन सांभाळले. त्याला आता शंभर वर्षे उलटून गेली. आपल्या यवतमाळातच १९१८ साली बापूजी अणे यांनी ‘लोकमत’ सुरू केले. मग मंडळाच्या चार पानांसाठी आपण का बिचकावे?

पहिली गोष्ट ही की, भाव विचारण्याआधी काम कागदावर मांडावे. आकार कोणता, पाने किती, प्रती किती, कागद कोणता, रंग एक की चार, शिलाई की पिना, आणि माल कोणत्या तारखेला हवा. एवढे लिहून तीन छापखान्यांत द्यावे. एकाने पातळ कागदाचा भाव सांगितला आणि दुसऱ्याने जाड कागदाचा, तर तुलना कशी व्हायची? कागदाची जाडी ‘जीएसएम’मध्ये सांगतात. आतल्या पानांना ७० चा कागद चालतो, मुखपृष्ठाला २५० च्या आसपासचा लागतो. नमुना बोटांनी चाचपून पाहावा. भाजी निवडताना आपण पाहतोच की!

दुसरी गोष्ट पानांच्या हिशेबाची. डेमी आकाराच्या एका मोठ्या कागदाला तीन घड्या घातल्या की ८ पत्रे, म्हणजे १६ पाने होतात. त्याला फर्मा म्हणतात. ६४ पानांची स्मरणिका म्हणजे ४ फर्मे. प्रती ५०० काढल्या तर कागद लागले २०००, म्हणजे ५०० चा एक याप्रमाणे ४ रीम. वाया जाणारा कागद वेगळा. आता मजकूर ६६ पानांचा झाला, तर त्या दोन पानांसाठी निराळा कागद आणि निराळी छपाई. म्हणून लेख घेतानाच पाने मोजावीत. ऑफसेटच्या प्लेटचा खर्च १०० प्रतींनाही तेवढाच आणि १००० प्रतींनाही तेवढाच. म्हणून जास्त प्रती काढल्या की एक प्रत स्वस्त पडते. पण स्वस्त पडते म्हणून ज्या वाटल्या जाणार नाहीत त्या काढू नयेत. थोड्या प्रतींना डिजिटल छपाई बरी.

तिसरी गोष्ट मजकुराची. मोबाईलवर लिहिलेला मजकूर छापखान्याच्या जुन्या फॉन्टमध्ये नेताना रफार आणि जोडाक्षरे कधी कधी मोडतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की त्याचा दर्जा उतरतो. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

आता सर्वांत महत्त्वाचे, प्रूफ. मागे आपल्या हळदीच्या पाकिटांची लेबले छापून आली, त्यांवर निव्वळ वजन १०० ग्रॅमऐवजी २०० ग्रॅम होते. तशी पाकिटे बाजारात गेली असती, तर गिऱ्हाइकाने आपल्याला लबाड म्हटले असते, आणि वजनमापाचा कायदा निराळाच. पण आपल्या चिटणीसबाईंनी सही-तारखेचे प्रूफ जपून ठेवले होते आणि त्यावर स्पष्ट १०० होते. छापखानेवाल्या भाऊंनी निमूटपणे सर्व लेबले फिरून छापून दिली. त्या कागदाने आपल्या गटाचे पैसे वाचवले आणि अब्रूही राखली. म्हणून सही केल्याशिवाय छपाई नाही, आणि सहीच्या प्रुफाची एक प्रत आपल्याजवळ, हा नियमच करावा. सगळी रक्कम आगाऊ देऊ नये, आणि बिल घेतल्यावाचून उठू नये.

प्रूफ एकीने वाचावे आणि दुसरीने मूळ मजकुरावर बोट ठेवून ऐकावे. तारीख, वार, आकडे, फोन नंबर आणि नावे निराळी तपासावीत. डोळा ओळखीच्या शब्दावरून घसरतो, चूक तिथेच लपते.

पुस्तकावर आणि वृत्तपत्रावर मुद्रकाचे नाव व ठिकाण छापण्याचा दंडक १८६७ च्या कायद्याने घातला होता. तो कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून आला. पुढे मंडळाने नियमित मासिक किंवा वार्तापत्र काढायचे ठरवले, तर त्याची नोंदणी करावी लागेल, हे आधीच ध्यानात ठेवावे. आणि छापील कागदाची जबाबदारी कोणाची, हे कागदावरच दिसावे, ही जुनी रीत मला आजही योग्य वाटते.

भगिनींनो, शेवटी मनातले एक सांगते. आपल्यातल्या कितीतरी जणींचे नाव आयुष्यात एकदाच छापले जाते, लग्नाच्या पत्रिकेत. आणि नंतर मरणाच्या बातमीत, तेही ‘अमक्याच्या मातोश्री’ म्हणून. या स्मरणिकेत मात्र तिचे नाव तिच्या कामासाठी येते. कोणी पापड लाटले, कोणी वर्गणी गोळा केली, कोणी आजारी शेजारणीच्या घरी डबा पोहोचवला. ते नाव चुकले किंवा गळले, तर ती बोलून दाखवणार नाही, पण तिच्या मनाला लागेल. म्हणून यंदा सभासदांच्या यादीचे प्रूफ आठ दिवस मंडळाच्या खोलीत ठेवणार आहोत. प्रत्येकीने येऊन आपले नाव पाहावे आणि पुढे सही करावी. जिला वाचता येत नाही, तिला शेजारणीने वाचून दाखवावे. तेवढी तसदी आपण सर्वजणी घ्याल, अशी आशा बाळगून मी माझे बोलणे पुरे करते.