रागाखालची जखम

आमच्या दिवेआगरसारख्या किनाऱ्यावरच्या गावांत मिलिटरीतून रिटायर होऊन आलेल्या माणसाबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘माणूस सोन्यासारखा, पण डोकं फिरलं की आवरत नाही.’ बायकोमुलं दबून वागतात, शेजारी वाट बदलतात. राग सगळ्यांना दिसतो. त्याच्या मुळाशी कधी कधी विश्वासघात असतो, तो दिसत नाही.

शत्रूच्या गोळीची सैनिकानं मनाशी तयारी केलेली असते. आपल्याच माणसानं दगा दिला तर काय करायचं, हे त्याला कुणी शिकवत नाही. महाभारतात द्रोणाचार्यांचा घात एका अर्धसत्यानं झाला, तोही युधिष्ठिरासारख्या सत्यवचनी माणसाच्या तोंडून. अश्वत्थाम्याच्या संतापाला कारण होतं. पण तो कोसळला रात्री झोपलेल्यांवर. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तो अजून तेल मागत हिंडतो, असं आपल्याकडे सांगतात.

बोस्टनला व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९४ साली होमरच्या अकिलीसची कथा घेऊन हेच मांडलं. जिवावरच्या प्रसंगी, ज्याच्या हाती अधिकार त्यानंच न्याय मोडला, की मनाला वेगळीच जखम होते.

असा प्रसंग मुंबई बंदरातही घडला. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’वरचे नौसैनिक निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्याची शिवीगाळ यांविरुद्ध उठले. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदनसिंग. कुणावर सूड उगवला जाऊ नये यासाठी आम्ही प्रयत्न करू, असा पुढाऱ्यांनी शब्द दिला. २३ तारखेला पोरांनी शरणागती पत्करली. पुढे शेकडोंना अटक झाली, नोकऱ्या गेल्या. स्वातंत्र्य आलं, तरी नौदलाचं दार त्यांना उघडलं नाही. त्यांच्यातल्या बलईचंद दत्तांचं या बंडावरचं पुस्तक निघालं १९७१ साली. मधे पंचवीस वर्षं गेली होती.

मग उपाय काय? ‘झालं गेलं विसरून जा’ म्हटलं, की राग आणखी भडकतो. तुझ्यावर अन्याय झाला, हे आधी कुणीतरी मान्य करायला हवं. मग राग चढतानाच्या खुणा त्याला ओळखता यायला हव्यात : जबडा आवळतो, मुठी वळतात, छाती धडधडते. त्या घटकेला तिथून उठावं, वाडीत फेरी मारावी, श्वास सावकाश सोडावा, बोलणं मागाहून. दारूपासून लांब राहावं. बरोबरीच्या फौजींत मन मोकळं करावं. झोप उडाली असेल, तर डॉक्टरांकडे जायला लाजू नये. ‘टेली मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला.

घरच्यांनाही एक सांगायचं आहे. त्याची जखम खरी आहे, म्हणून त्याचा मार सोसायचा नाही. हात उगारला, तर आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित जागी न्या. दया आणि धाक, दोन्ही लागतात.

अश्वत्थामा दारोदार तेल मागतो. ही जखम झाली कशी, हे मात्र त्याला कुणी विचारत नाही. आपल्या गावातल्या फौजीला आपण विचारू या. तो लगेच सांगणार नाही. तोवर जवळ बसू या.