नवा ब्रेक रुळवताना



नेसरीच्या माणसानं ब्रेकवर बोलावं, यात थोडी गंमत आहे. आमचं गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते न थांबलेल्या माणसांमुळे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार इथल्या खिंडीत बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. त्या सातांना लगाम खेचायचाच नव्हता. पण ती लढाई होती. शाळेला, दळणाला, बाजाराला निघालेल्या तुमच्याआमच्यासारख्यांना मात्र वेळेवर थांबता आलंच पाहिजे. म्हणून आज मी सायकलच्या ब्रेकविषयी बोलणार आहे. त्यातही हल्ली पोरांना ज्याचं वेड लागलंय, त्या डिस्क ब्रेकविषयी.

कविता लिहिणाऱ्या माणसाचा सायकलशी काय संबंध, असं कुणी विचारील. माझ्या अब्बांचं सायकलचं दुकान होतं. १९८० च्या सुमारास तासावर सायकली भाड्यानं दिल्या जायच्या, तो तो काळ. मी पंक्चर काढत काढत शाळा शिकलो आणि नंतर बी.ए. झालो. त्या काळ्या, जड सायकलींना सळईचे ब्रेक असत. मूठ दाबली की सळया ओढल्या जायच्या आणि रबराचे दोन गुटके चाकाच्या रिंगला आतल्या बाजूनं टेकायचे. यंत्र साधं. काय बिघडलंय ते डोळ्यांना दिसायचं आणि एका पान्यानं दुरुस्त व्हायचं.

पण आमच्या भागातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. आजरा, चंदगड, नेसरी या पट्ट्यात जूनमध्ये आभाळ उतरलं की रस्ता, शेत आणि ओढा यांतला फरक कळत नाही. ओल्या, गुळगुळीत लोखंडी रिंगवर रबराचा गुटका नुसता घसरायचा. दोन्ही मुठी आवळल्या तरी सायकल आपल्या मर्जीनं थांबायची. मग पायातली चप्पल हाच खरा ब्रेक. उतारावर चपला घासून आमच्या पिढीनं किती टाचा झिजवल्या, याचा हिशेब नाही.

डिस्क ब्रेक आला तो या दुखण्यावर औषध म्हणून. कल्पना जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्यानं १९०२ मध्ये अशा ब्रेकचं पेटंट घेतलं होतं. पुढं १९५३ साली फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जग्वार मोटारीनं जिंकली, तेव्हा तिच्या चाकांना डिस्क ब्रेक होते आणि साऱ्या जगाचं लक्ष तिकडं गेलं. मोटारीवरून तो मोटारसायकलवर आला, डोंगरात चालवायच्या सायकलींवर आला, आणि रस्त्यावरच्या सायकल शर्यतींत त्याला कायमची परवानगी मिळाली ती २०१८ मध्ये. आता तो आमच्या शाळेच्या सायकल स्टँडवरही दिसतो.

याची रचना अशी. चाकाच्या मधोमध, हबला, पोलादाची एक भोकाभोकांची पातळ तबकडी बसवलेली असते. चाकाबरोबर ती फिरते. तिच्या दोन्ही बाजूंना कॅलिपर नावाच्या चिमट्यात दोन छोटे पॅड असतात. मूठ दाबली की चिमटा आवळतो आणि पॅड तबकडीला धरतात. काही सायकलींत हा चिमटा तारेनं ओढला जातो, महागड्या सायकलींत तेलाच्या दाबानं. तबकडी रिंगसारखी चिखलापाण्याच्या जवळ नसते, आणि तिच्यावर आलेलं पाणी पॅड लगेच पुसून काढतात. म्हणून पावसात हा ब्रेक जुन्यापेक्षा कितीतरी चांगला.

इथपर्यंत सगळं ठीक. अडचण पुढं आहे, आणि ती दुकानात सहसा कुणी सांगत नाही. डिस्क ब्रेक पहिल्या दिवशी कच्चा असतो. कोरी करकरीत सायकल घेऊन तुम्ही निघता तेव्हा त्याची पूर्ण ताकद त्याच्यात आलेलीच नसते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीतल्या एका घरात नवी सायकल आली. पोरगा नववीतला. घरी आणल्या आणल्या मित्रांना दाखवायला म्हणून उताराच्या रस्त्यानं निघाला. खाली वळण, वळणावर ऊस भरलेला ट्रॅक्टर. पोरानं प्रसंगावधान राखून सायकल बाजूच्या फडात घातली म्हणून वाचला. हातापायांना उसाच्या पाल्यानं चिरे पडले, एवढ्यावर निभावलं. मला म्हणाला, "चाचा, दोन्ही ब्रेक गच्च दाबलं, पर सायकल थांबंनाच की!" घरच्यांना वाटलं, पोरगं थापा मारतंय. पोरगं खरं बोलत होतं. पुढं त्या ब्रेकचा करकर आवाज यायला लागला, तेव्हा एका दुकानदारानं तबकडीवर तेलाचे चार थेंब सोडले. आवाज बंद झाला आणि ब्रेकही बंद झाला!

असं का होतं, हे नीट समजून घेऊ. नवी तबकडी आणि नवा पॅड दोन्ही आपल्याला सपाट दिसतात, पण एकमेकांना ते पूर्ण टेकत नाहीत. इथं थोडं उंच, तिथं थोडं खोल. शिवाय या ब्रेकचा खरा जोर नुसत्या घासण्यात नसतो. पॅडमधला मसाला तापून त्याचा एक अगदी पातळ, सारखा थर तबकडीवर चढावा लागतो. हा थर आणि पॅड एकमेकांना धरतात, तेव्हा कुठं ब्रेक चावतो. कोऱ्या तबकडीवर तो थर नसतो. तो आपण चढवायचा असतो.

आपल्या घरात ही गोष्ट नवी नाही. बिडाचा नवा तवा आणला की त्याच्यावर पहिल्या दिवशी भाकरी नीट होत नाही, घावनं तर चिकटूनच बसतात. तो तापवून, मुरवून घ्यावा लागतो. नव्या जात्याला टाकी लावली की पहिलं दळण माणसाच्या पोटात जात नाही, कारण त्यात कच असते. नवी कोल्हापुरी चप्पल चार दिवस पायाला चावते, मग पायाची होते. वस्तू विकत घेणं वेगळं आणि ती आपलीशी करून घेणं वेगळं, हे आपल्या आयाबायांना चांगलं ठाऊक होतं. फक्त एक फरक लक्षात ठेवा. तव्याला तेल लागतं, चपलेला तेल लागतं. डिस्क ब्रेकला मात्र तेल म्हणजे विष.

आता ब्रेक रुळवायचा कसा ते सांगतो. काम अर्ध्या तासाचं आहे. मूल लहान असेल तर ते घरातल्या जाणत्या माणसानं करावं.

आधी तबकडी स्वच्छ पुसा. औषधाच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. ते कोऱ्या फडक्यावर घेऊन दोन्ही बाजू पुसायच्या. ज्या फडक्यानं चेन पुसली ते फडकं इथं चालणार नाही. पुसल्यावर तबकडीला बोट लावू नका, बोटालाही तेलकटपणा असतो.

मग सपाट, मोकळा, कोरडा रस्ता किंवा शाळेचं मैदान गाठा. सायकल ताशी वीसेक किलोमीटरपर्यंत न्या, म्हणजे सपाटीवर जरा जोरानं पायडल मारल्यावर येतो तेवढा वेग. आता बैठकीवर घट्ट बसून एकच ब्रेक सावकाश पण ठाम दाबा. वेग माणसाच्या चालीइतका झाला की सोडा. सायकल पूर्ण थांबवायची नाही आणि चाक जाम होऊ द्यायचं नाही. गरम तबकडीवर पॅड एका जागी धरून ठेवला तर तिथं मसाल्याचा ठसा उमटतो आणि मग दर फेऱ्याला ब्रेक धक्के देतो. सोडल्यावर पुन्हा वेग घ्या, पुन्हा दाबा. असं वीस वेळा. मग वेग थोडा वाढवून आणखी दहा वेळा. दुसऱ्या ब्रेकचंही तसंच. मधूनमधून ब्रेक न लावता एखादी फेरी मारायची, म्हणजे तबकडी निवते.

पहिल्या पाचसहा वेळा काही जाणवणार नाही. दहाव्या-बाराव्या वेळेला मुठीला फरक कळू लागतो. तेवढाच दाब, पण सायकल आधी थांबते. आवाजही बदलतो, खरखर कमी होऊन बारीक घुमल्यासारखा येतो. ब्रेक रुळला, हे तुमचा हातच तुम्हाला सांगतो.

सावकाश पण ठाम दाबा असं म्हणालो, त्याला कारण आहे. काही लोक भीतीपोटी ब्रेक हलकाच लावून मैलभर घासत नेतात. त्यानं थर नीट बसत नाही, उलट पॅडला चकाकी येते आणि तो काचेसारखा गुळगुळीत होतो. मग कितीही दाबा, धरत नाही.

हे सगळं करूनही जोर आला नाही तर तीन गोष्टी पाहा. पहिली, तबकडीला किंवा पॅडला तेल लागलंय का. तबकडी पुसून निघते. पॅडमध्ये मुरलेलं तेल सहसा निघत नाही, पॅड बदलावे लागतात. दुसरी गोष्ट, चिमटा मध्यावर आहे का. त्याचे दोन स्क्रू थोडे ढिले करायचे, मूठ दाबून धरायची आणि तशीच धरून ते पुन्हा आवळायचे. बहुतेक वेळा चिमटा आपोआप मध्यावर बसतो. तिसरी, तारेचा ब्रेक असेल तर तार सैल झाली आहे का. नवी तार आणि तिचं आवरण पहिल्या काही दिवसांत बसतं आणि मूठ थेट हँडलला टेकू लागते. तारेच्या तोंडाशी असलेली छोटी फिरकी फिरवली की ती ताणता येते. तारेच्या पुष्कळ ब्रेकांत एकच पॅड हलतो आणि आतला स्थिर असतो, तोही तबकडीच्या जवळ आणून ठेवावा लागतो.

तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक असेल तर आणखी एक पथ्य. चाक काढलेलं असताना मूठ दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटून बसतात. आणि त्यातलं तेल कंपनीनं सांगितलं असेल तेच. काहींत खनिज तेल असतं, काहींत मोटारीच्या ब्रेकचं. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतली रबरं खराब होतात.

आता घाटाबद्दल. आमच्याकडची तरुण मुलं आजऱ्यावरून आंबोलीकडं आणि चंदगडावरून तिलारीकडं सायकली काढतात. काढावीतच. पण हिशेब लक्षात ठेवा. सायकल आणि माणूस मिळून ऐंशी किलो धरलं, तर शंभर मीटर उंची उतरताना जी ऊर्जा सुटते तिनं पाव लिटर पाण्याला उकळी येईल. त्यातली काही वारा घेतो, उरलेली त्या पातळ तबकडीला सोसावी लागते. म्हणून घाटात सतत ब्रेक धरून ठेवायचा नाही. वळणाआधी ठाम दाबायचा, वेग उतरवायचा, सोडायचा. वेगाचंही गणित कडक आहे. ताशी वीसचा वेग तीस झाला, म्हणजे दीडपट झाला, की थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते. आणि खाली पोचल्यावर कौतुकानं तबकडीला हात लावू नका, चटका बसतो. लहान मुलांना तर फिरत्या तबकडीच्या आसपास बोट नेऊच देऊ नका. तिची भोकं बोट कापतात.

पॅड झिजतातच. घासणारा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की ते बदलायचे. तबकडीही झिजते. बहुतेक तबकड्या नव्या असताना १.८ मिलिमीटर जाड असतात, दीडवर आल्या की त्यांचं आयुष्य संपलं. आणि पॅड किंवा तबकडी नवी घातली की ती वीस आणि दहाची उजळणी पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या कवितेच्या शास्त्रात यती नावाची गोष्ट असते. ओळ कुठं क्षणभर थांबते ती जागा. ती चुकली की अख्खी ओळ अडखळते, हे लिहिणाऱ्याला सरावानंच कळतं. सायकलवाल्याचंही तसंच आहे. थांबण्याचा सराव मोकळ्या मैदानावर करायचा, वळणावर ट्रॅक्टर समोर आल्यावर नव्हे.

माझी दुकानदारांना विनंती आहे की सायकल गिऱ्हाइकाच्या हातात देताना हे चार शब्द सांगा. शाळेतल्या गुरुजींना विनंती आहे की जूनमध्ये शाळा सुरू झाली की खेळाच्या तासाला एक दिवस नव्या सायकली मैदानावर घ्या आणि पोरांसमोर ब्रेक रुळवून दाखवा. आणि आईबापांना विनंती आहे की सायकलसाठी आपण हजारो रुपये मोजतो, तर एक सकाळ तिला द्या. पोराला उताराच्या रस्त्यावर सोडण्याआधी ती सकाळ द्या.